गिरजाच्या नावाची पाटी

मालतीबाई, तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं होतं आणि घड्याळ माझ्याकडे दिलं होतं. दोनाची चार मिनिटं झाली तरी मी काही बोललो नाही. पोरं चुळबुळायला लागली, हेडमास्तर खाकरले, तेव्हा कुठे मी मान वर केली. सगळ्यांना वाटलं, ड्रॉइंग मास्तरांना फार लागलंय. लागलं होतंच. पण तेवढा वेळ मी तुमच्या आत्म्याला शांती वगैरे मागत नव्हतो. मी तुमच्या एका चिठ्ठीचा विचार करत होतो. ती मला मिळालीच नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं.

मग भाषणं झाली. तुम्ही किती वर्षं मराठी शिकवलंत, किती पोरं पास केलीत, ते सगळं झालं. एकजण म्हणाले, बाई स्वभावाने शांत होत्या. मला तशातही हसू आलं. ज्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझं-तुमचं वाजलं नाही, असा आठवडा मला तरी आठवत नाही. तुम्ही रागावलात की वर्गातली शुद्ध भाषा खुंटीला टांगायचात आणि सरळ घरच्या बोलीवर यायचात. तेव्हा मी मुद्दाम अजून एक काडी टाकायचो. आता स्टाफरूम शांत आहे. इतकी शांत, की मी तासाच्या आधीच वर्गावर जाऊन बसतो.

सगळं सुरू झालं ते नागपूरच्या सहलीनंतर. पोरांना आपण म्युझियम दाखवलं. काचेत तलवारी, काचेत नाणी, काचेत पेंढा भरलेला वाघ, आणि दर चार पावलांवर पाटी: हात लावू नये. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होतात. आपली आर्वी जवळ आली तशा एकदम माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "कवितेचंबी आपन असंच करून ठेवलं, मास्तर. पुस्तकात कोंडली अन् पोरांले म्हनतो, पाठ करा. आपन एक घर उभं करू. तिथं पाटी लावू, हात लावा."

कवितेला हात कुठे लावायचा, असं मी विचारलं. ते शोधायसाठीच तुम्हाला ड्रॉइंग येते, असं तुम्ही म्हणालात. बाई, तोवर मी कुटुंबनियोजनाची पोस्टरं रंगवत होतो आणि बाजारातल्या दुकानांच्या पाट्या. माझ्या हाताला याहून बरं काही काम असेल असं मला त्याआधी कोणी सुचवलं नव्हतं. म्हणून तुमच्यावर रागावायचं म्हटलं तरी मला पुरतं जमत नाही.

तुमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांची जिनिंगची शेड होती. कापूस यायला अवकाश होता, त्यांनी आठ दिवसांसाठी ती झाडून दिली. आपण रहाट केला. दोर ओढला की बादलीऐवजी पाण्याच्या गाण्याच्या ओळी एकेक करून वर यायच्या. एक खरी बैलांची बंडी आणून उभी केली. दोघांनी जू धरून ती हलवायची, घरच्या बाकीच्यांनी आत बसून धक्के खात गाणं म्हणायचं. धक्का बसला की शब्द तुटायचा, आणि तुटला की ठेका बरोबर धरायचा. एक पाळणा टांगला आणि त्याच्याखाली अंगाई वाजवायला तुमच्या भावाचा टेपरेकॉर्डर लपवला. भुलाबाईचे दिवस होते म्हणून एका कोपऱ्यात भुलाबाई मांडल्या. आयांनी आणि लेकींनी गाणी म्हणायची आणि डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा.

पण जीव तुमचा जात्यात होता. जिनिंगच्या फिटरने वरच्या तळीला चामड्याचा पट्टा बसवला, पट्ट्याने एक लाकडी रूळ फिरायचा, आणि रुळावरच्या कापडावर मी रंगवलेल्या ओव्या एका चौकटीतून हळूहळू सरकायच्या. त्याच्यातली गंमत आपल्यालाही आधी कळली नव्हती. पुरुष बसले की गरागरा फिरवायचे आणि त्यांना एक अक्षर वाचता यायचं नाही. ज्या बाईने जन्मभर दळलं होतं तिच्या हाताने ओळ बरोबर गाण्याच्या चालीने यायची. तुम्ही ते पाहिलंत आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात.

ओव्या गोळा करायला तुम्ही वर्षभर दर रविवारी एसटीने खेडी पालथी घातली होती. रोहण्याला मीही आलो होतो. गावात चक्की आली होती, तरी डाळ भरडायला घरोघर जाती होती. गिरजा तूर भरडत बसली होती. तिशीच्या आतली, हडकुळी, मान खाली. चांगल्या खात्यापित्या घरची सून. सासू तिथेच ओसरीवर गहू निवडत होती. आणि गिरजाने तिच्यासमोर, आपल्या दोघांसमोर, मोकळा गळा सोडून म्हटलं:

पायलीचं दळण माय, मीच दळलं, चाळलं,
घर जेवून उठलं, मले रितं टोपलं दावलं.

मी सासूकडे पाहिलं. तिने गव्हातला खडा काढला आणि बाजूला टाकला, बस. उठून तिनेच आपल्याला चहा केला. बाहेर आल्यावर मी तुम्हाला विचारलं की तोंडावर असं ऐकून ही बाई चिडत कशी नाही. तुम्ही चालता चालता म्हणालात, "जात्यावरचं बोलनं कोनाचंच नसते, मास्तर. हे सासूबी आपल्या सासूले हेच ऐकवत आली असन. कोनाचं नाव नाई, म्हनून कोनाले राग नाई."

तिथेच आपल्या वादाला सुरुवात झाली, कारण मला ते पटलं नाही. मी म्हटलं, पुस्तकातल्या कवीचं नाव छापता, मग हिचं का नाही? तुम्ही म्हणालात की नाव टाकलं की ती ओवी राहत नाही, तक्रार होते. मी म्हटलं, असेल तर असू द्या तक्रार. माझ्या आईने जन्मभर दळलं. ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिची एकही ओवी मला येत नाही, आणि गावात तिचं नाव आज कोणाला आठवत नाही. विचारलं तर मास्तरची माय म्हणतील. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. नुसता हट्ट धरला. तुम्ही मला म्हणालात, "तुमाले रंग समजते मास्तर, मानसं नाई समजत." ते मला फार झोंबलं.

उद्घाटनाला तीन दिवस उरले होते तेव्हा तुमच्या आईची तब्येत बिघडली आणि तुम्ही वर्ध्याला गेलात. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने तुमची चिठ्ठी आली. आपली अर्धी कामं अशीच चालायची. वर्ध्याच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातात चिठ्ठी द्यायची, तो ती इथल्या खिडकीवर ठेवायचा, ज्याची त्याने जाऊन घ्यायची. मी घेतली. "मास्तर, पाट्यांवर बायांची नावं टाकू नका. फक्त गाव लिहा. मी आल्यावर भांडू." एवढंच होतं. मी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि नावं लिहायला घेतली. प्रत्येक ओवीखाली एक पाटी, प्रत्येक पाटीवर नाव आणि गाव. माझ्या हातून तेवढी सुरेख अक्षरं पुन्हा कधी आली नाहीत.

तुम्ही आलात त्या सकाळी दारात लोक उभे होते. पाट्या पाहिल्यात, माझ्याकडे पाहिलंत आणि लोकांना आत घेतलंत. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर विचारलंत, चिठ्ठी नाही का मिळाली? मी म्हटलं, कसली चिठ्ठी? इतकं सहज आलं तोंडातून, की मलाच क्षणभर खरं वाटलं. तुम्ही कंडक्टरला दोन शिव्या वाहिल्यात, खिडकीवरच्या माणसाला दोन. बिचारे दोघेही नाकासमोर चालणारे. मग म्हणालात, उद्या नावं पुसून टाकू.

पण दुसऱ्या दिवशी पुसवलं नाही तुमच्याने. गावातली एक म्हातारी आली होती. आपलं नाव कुठलं ते तिने विचारून घेतलं, त्याच्यावर तळवा ठेवला आणि तिथेच भुईवर बसून राहिली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, बघू. मला वाटलं, जिंकलो. त्या म्हातारीला जाब विचारणारं घरात कोणी उरलंच नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. ते दोन दिवस मात्र खरे होते, बाई. बंडीत बसून नातवाबरोबर गाणं म्हणणारे आजोबा, रहाटाच्या दोराला लोंबकळणारी पोरं, पोरांच्या आधी डब्यातला खाऊ ओळखणाऱ्या आया. एवढं हसणारं आर्वी मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. रोहण्याहून गिरजाचं सगळं घर आलं. सासरा, सासू, नवरा, गिरजा आणि तिची आठ-नऊ वर्षांची पोरगी शोभा. तुम्हीच त्यांना बोलावलं होतं. गिरजा भुलाबाईच्या कोपऱ्यात रमली. सासरा जात्यावर बसला आणि बाकीच्या पुरुषांसारखंच गरागरा फिरवायला लागला. सगळे हसले, तोही हसला. शोभा म्हणाली, आबा, हळू. तो हळू झाला, ओळ सरकायला लागली आणि पोरीने शाळेत वाचतात तसं खडखडीत आवाजात वाचलं. दळण, टोपलं, सगळं. आणि खालची पाटीही वाचली. आईचं नाव दिसल्यावर तिला इतका आनंद झाला की तिने ते दुसऱ्यांदा वाचलं. सगळी शेड ऐकत होती.

म्हाताऱ्याने जातं थांबवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, त्याने धोतर झटकलं आणि तुमच्यासमोर येऊन हात जोडले. "बाई, आमच्या घरी सुनेले उपाशी ठेवतेत, हे लिहाले तुमी आमच्या घरचा चहा पेले का?"

तुम्हीही हात जोडलेत. मी चौकटीच्या मागे उभा होतो, हातभर अंतरावर. त्या वेळी पुढे होऊन म्हणायला हवं होतं की नाव मी टाकलं, बाईंनी नको म्हटलं होतं. एक वाक्य होतं. मी नाही म्हटलं. नवऱ्याने गिरजाला हाक मारली, ती आली, आणि ते गेले.

मी दुपारीच सगळ्या नावांवर पांढरा रंग फिरवला. ते तर हात दाखवून अवलक्षण झालं. ज्या पाट्यांकडे कोणी पाहिलं नव्हतं तिथे लोक वाकून वाकून पाहायला लागले, ही कोणाची असेल, ती कोणाची असेल. दोन घरचे लोक विचारायला आले. पाचव्या दिवशी आपण शेड बंद केली. तुमचं 'हात लावा' मीच उतरवलं.

पुढचं तुम्ही एकटीने सोसलंत. गिरजाच्या घरातलं जातं परसात गेलं, डाळ चक्कीवर जायला लागली. जूनमध्ये गावच्या शाळेत शोभाचं नाव पटावर नव्हतं. वाचता येते तेवढं पुरे, असं तिच्या बापाने सांगितलं. तुम्ही दर वर्षी रोहण्याला जात राहिलात. आधी शोभाला शाळेत घालण्यासाठी, आणि तिचं लग्न ठरल्यावर मग नुसतंच. परत आलात की मी विचारायचो, काय म्हणाली गिरजा? तुम्ही म्हणायचात, चहा देते, बसवते, अन् गाण्याचं काढलं की म्हनते, मले काही येत नाई बाई. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच: चिठ्ठीवर भरवसा ठेवला, स्वतः येऊन सांगाले पाह्यजे होतं. नऊ वर्षं मी हे ऐकलं आणि मान हलवली. चिठ्ठी माझ्या पेटीत होती, ब्रशांच्या खाली.

का नाही सांगितलं? कारण साधं आहे आणि लाजिरवाणं आहे. तुम्ही मला मास्तर म्हणायचात, त्या म्हणण्यात एक भरवसा असायचा. तो गेला असता. मागच्या महिन्यात दवाखान्यात आलो होतो, तेव्हा ठरवूनच आलो होतो. तुमच्या मनगटाचं नुसतं हाड राहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "यंदा रोहण्याले जानं झालं नाई. तुमी जाऊन याल का?" मी हो म्हटलं. मग अर्धा तास मी तुमच्याशी तुरीच्या पिकाबद्दल बोललो, बाई. ज्या माणसाकडे एक झाडही नाही, तो तुरीबद्दल बोलत होता. निघताना तुम्ही हात हलवलात आणि मी जिना उतरलो. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

तेरावं झालं आणि मी रोहण्याला गेलो. दिलेला शब्द पाळायला म्हणा, किंवा आता सांगायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून म्हणा. सासरा वारला आहे. सासू आतल्या खोलीत पडून असते, तिला आता दिसत नाही. गिरजा घरची कारभारीण झाली आहे, केस पिकलेत. तुम्ही गेल्याचं सांगितलं तशी ती उंबऱ्यावरच टेकली. बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. मग आत जाऊन चहा घेऊन आली.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी काढून दाखवली, तिला वाचता येत नाही म्हणून वाचूनही दाखवली. नाव मी टाकलं, बाईंचा काही दोष नव्हता, नऊ वर्षं मी खोटं बोललो. तुम्हाला सांगायचं होतं तेच वाक्य मी तिला सांगितलं, आणि खरं सांगतो, बोलता बोलता मला हलकं वाटायला लागलं. तिने ते पाहिलं असावं.

"बाई दरसाली येत," ती म्हणाली. "दरसाली माफी मांगत. आता तुमी आले. नाव लिहाचं का नाई लिहाचं, याच्यावर तुमी दोघं भांडले. मले कोनं पुसलं?"

मी चिठ्ठीची घडी घातली. तिचं खरं होतं, बाई. तुम्ही तिला झाकायला निघाला होतात आणि मी तिला मोठं करायला, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. आपण तिच्या घरी चहा प्यालो, तिच्या ओव्या वहीत उतरवल्या, बसमध्ये, स्टाफरूममध्ये, शेडमध्ये तिच्यासाठी तावातावाने भांडलो. तिला विचारायचं आपल्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तुम्ही असता तर आज संध्याकाळी हे तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही चिडला असता, मग गप्प झाला असता, आणि आपण दोघे मिळून परत गेलो असतो. आता ते नाही.

पुसलं असतं तर काय म्हणाली असतीस, असं मी तिला विचारलं. ते विचारायला नऊ वर्षं उशीर झाला होता, ते मला कळत होतं. तिने माझी रिकामी कपबशी बाजूला सारली.

"ते आता कसं सांगू? इचार करा लागला असता." मग म्हणाली, "पन पोरगी वाचत होती तवा मी डब्बा धरून तिकडं उभी होती. माहं नाव आयकू आलं. म्हटलं, जाऊन पाह्यतो कसं दिसते. तं यायनं, शोभाच्या बापानं, हाक मारली."

पाटी आहे का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की तिच्यावर मीच पांढरा रंग फिरवला, तेही ती आर्वीच्या वेशीपर्यंत पोचली नसेल तेव्हा. मी खिशातून पेन काढलं. चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. मी म्हटलं, थांब, आत्ता लिहून दाखवतो. मोठ्या अक्षरात.

"आता नोका लिहू, मास्तर," ती म्हणाली. "तवा पाहाचं होतं."